शुक्रवारचं बोचकं

मी तोंडाची फटकळ. आमच्या धुलाईखान्यात सगळे म्हणतात, हिच्या जिभेला हाड नाही, आणि ते खरंच आहे. आयुष्यात एकदाच मी तोंडाला कुलूप घातलं, तेही पाच महिने, आणि तेही ताईच्या बाबतीत. ते कुणाला तरी सांगायचं होतं. माझी कीव करा असं म्हणत नाहीये, नुसतं ऐकून घ्या.

ताई माझी नात्यातली कुणी नाही. इस्पितळाच्या तळघरात आमचा धुलाईखाना आहे. तिथं ती चोवीस वर्षांपासून, मी चौदा. बाकीचे तिला 'काटा' म्हणायचे. वरच्या मजल्यांवरून मळक्या कपड्यांची बोचकी पत्र्याच्या घसरणीतून धाडकन खाली येतात. एका यंत्रात ठरलेल्या वजनाचेच कपडे घालता येतात, म्हणून प्रत्येक बोचकं आधी तोलायचं असतं. त्यासाठी कोपऱ्यात वजनकाटा आहे. ताईने त्याच्याकडे कधी ढुंकून पाहिलं नाही. बोचकं दोन्ही हातांनी उचलायचं, मांडीवर एक हिसका द्यायचा आणि ओरडायचं, "साडेअकरा!" नवा सुपरवायझर आला की पहिल्या आठवड्यात तिची दोन-चार बोचकी काट्यावर ठेवून बघायचा आणि हात हलवत परत जायचा.

माझं काम दुसऱ्या टोकाला, घड्यांच्या टेबलावर. धुतलेले, वाळलेले कपडे माझ्याकडे येतात आणि मी ते ज्याचे त्याला लावते. सगळे हिरवेच, पण प्रत्येकाच्या कोपऱ्यात रंगीत दोऱ्याची एक चिमुकली शिवण असते. ऑपरेशन थिएटरचा पांढरा दोरा, प्रसूती विभागाचा पिवळा, वॉर्डांचा निळा. ओल्या, रक्ताळलेल्या कपड्यात ती शिवण दिसत नाही. ती दिसते फक्त माझ्या टेबलावर. एवढं लक्षात ठेवा.

दोन वर्षांपूर्वी मला दिसायला लागलं की ताई बोचकं उचलताना गुडघे एकमेकांना घट्ट दाबून धरते. मग ती मधेमधे उलट्या बादलीवर बसायला लागली. तासातासाला बाथरूम. एकदा ती बराच वेळ बाहेर येईना, म्हणून मी दार ठोठावलं. आतून म्हणाली, "थांब गं, वर ढकलतेय."

"काय वर ढकलतेयस?"

"पिशवी."

मी दारातच उभी राहिले. गर्भाशय खाली सरकून बाहेर डोकावतंय आणि ही बया हाताने आत लोटते, वर कापडाची घडी बांधते आणि येऊन एकोणीस किलोचं बोचकं उचलते. केव्हापासून, विचारलं तर म्हणे तीन वर्षं. मी तिला जे काही बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. तिला हाताला धरून वरच्या मजल्यावर नेलं. बावीस वर्षं त्या इमारतीच्या पोटात काम केलेलं, पण जिना चढून पेशंट म्हणून ती पहिल्यांदाच गेली.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी आधी रबराची रिंग बसवून पाहिली. म्हणाल्या, पुष्कळ बायकांचं यावर भागतं. ताईचं नाही भागलं. तिसऱ्या आठवड्यात तिने बोचकं उचललं आणि रिंग निसटून पायजम्याच्या पायातून फरशीवर आली, आणि घरंगळत थेट सुपरवायझरच्या बुटापाशी गेली. "यंत्राचं वायसर दिसतंय," म्हणून त्याने ती उचलून खिडकीत ठेवली. आम्ही दोघी हसून हसून बेजार झालो. मग ताई डोळे पुसून म्हणाली, "आता कापाकापी आली."

पुन्हा वर गेलो. डॉक्टरीणबाईंनी कागदावर चित्र काढलं. म्हणाल्या, "मावशी, दोन रस्ते आहेत. एक, पिशवी खालच्या बाजूनेच काढून टाकायची आणि वरची जागा शिवून पक्की करायची. दुसरा, पिशवी ठेवायची, वर उचलून आतल्या पक्क्या जागी टाके घालून अडकवायची. बायका दोन्हींनी बऱ्या होतात. दोन्हींनंतर कधीकधी पुन्हा खाली येऊ शकतं. तुमच्या तपासण्या चांगल्या आहेत, त्यामुळे काढायलाच हवी असं काही नाही. तुम्हाला काय हवंय ते सांगा."

ताईने माझ्याकडे बघितलं. पन्नाशी उलटली तरी तिला हे असं कुणी विचारलंच नव्हतं. तिने विचार करायला वेळ मागितला. निघताना डॉक्टरीणबाई म्हणाल्या की मंगळवारी मोठे डॉक्टर काढायची ऑपरेशनं करतात आणि शुक्रवारी त्या स्वतः ठेवायची. दिवस ठरला की या.

घरी भाऊजींना, म्हणजे ताईच्या नवऱ्याला, विचार करायचं कारणच कळेना. "काढून टाक की! आता त्या पिशवीचं काय लोणचं घालायचंय?" माणूस वाईट नाही, पण बोलायचं काम त्याच्याकडे दिलं की झालं. आणि खरं सांगायचं तर माझंही मत तेच होतं. माझी आई पिशवीच्या कॅन्सरने गेली. अंगावर जायचं ते तिने दीड वर्ष लपवलं आणि आम्हाला कळलं तेव्हा सगळं हाताबाहेर गेलेलं. तेव्हापासून पिशवी हा शब्दही मला नको वाटतो. मी ताईला म्हटलं, "काढ ती एकदाची आणि मोकळी हो. कशाला घोर?"

तेव्हा ताईने मला वाळवणीच्या खोलीत नेलं. तिथं गरम हवेचे पंखे घोंघावतात, बाहेर शब्द जात नाही. उलट्या बादलीवर बसली आणि म्हणाली, "माझ्या लग्नानंतर तिसऱ्या वर्षी दिवस गेले होते. आठव्या महिन्यात ती आतल्या आत गेली. मुलगी होती. फडक्यात गुंडाळून नेली. म्हणाले, बघू नका, त्रास होईल. मीही बावळट, नाही बघितली. पुन्हा काही राहिलं नाही. आता तूच सांग, ती या जगात कुठं राहिली? आठ महिने इथं राहिली. तिचं दुसरं घर नाही."

पोटावर हात ठेवून बोलत होती. भाऊजींना हे सांगितलंस का, विचारलं, तर म्हणाली, "ते रडतील. त्यांना रडताना बघवत नाही मला." एवढं कळलं की तिला ठेवायची आहे, अगदी जिवापासून ठेवायची आहे. पण भीतीही होती. बावीस वर्षं थिएटरचे कपडे धुतलेली बाई. ऑपरेशन म्हणजे काय ते लोक ऐकून घाबरतात, ती हाताने पिळून घाबरलेली.

शेवटी तिने तिच्या पद्धतीने निवाडा करायचं ठरवलं. "डॉक्टर दोन्ही चांगलंच म्हणणार," ती म्हणाली. "कपडे खोटं बोलत नाहीत. पाच आठवडे मंगळवारचं बोचकं बघते आणि पाच आठवडे शुक्रवारचं. ज्या दिवशी रक्त कमी, तो दिवस माझा." दुसऱ्या कुठल्या बाईला हे सुचलं असतं? मी हसले. मनात म्हटलं, शुक्रवार हलका निघाला तर हिची इच्छा पुरी होईल, आणि मला ते नकोच होतं.

पहिल्या मंगळवारी थिएटरचं बोचकं आलं. "नऊ," ताई म्हणाली. रक्ताच्या कपड्यांना गरम पाणी लागलं की डाग कायमचा बसतो, म्हणून ते आधी थंड पाण्याच्या हौदात भिजवतात. हौदाचं पाणी गुलाबी झालं, बस. शुक्रवारी बोचकं घसरणीतून खाली आलं तो आवाजच वेगळा होता. ताईने उचललं आणि मांडीवर हिसका देताना तिचं तोंड वाकडं झालं. "एकोणीस." हौद असा लाल झाला की तळ दिसेना. ताई काठावर उभी राहून बघत राहिली.

पुढच्या आठवड्यात तेच. मंगळवार साडेआठ, शुक्रवार अठरा. ताईचं जेवण कमी झालं. डबा उघडायची, झाकायची. शुक्रवारी सकाळपासून तिचं लक्ष घसरणीच्या तोंडाकडे असायचं आणि वर पत्रा वाजला की ती दचकायची.

दुसऱ्या शनिवारी शुक्रवारचे कपडे वाळून माझ्या टेबलावर आले. घड्या घालता घालता माझा हात थांबला. पांढरा दोरा, पांढरा दोरा, पिवळा. पुन्हा पिवळा. मोजले नाहीत, पण अर्ध्याहून जास्त ढीग पिवळ्या दोऱ्याचा. शुक्रवारच्या थिएटरच्या बोचक्यात प्रसूती विभागाचे कपडे कसे? मी तडक वर गेले आणि थिएटरच्या हमालाला विचारलं. तो म्हणाला, "प्रसूतीच्या आयाची नव्या पाळीपत्रकात शुक्रवारी सुट्टी लागलीय. मग दोन्हीकडचं मीच एका पोत्यात कोंबतो. का, काय झालं?"

"काही नाही," मी म्हटलं.

म्हणजे ते रक्त ठेवायच्या ऑपरेशनांचं नव्हतंच. ते बाळंतपणांचं होतं. ताई बाळंतिणींच्या कपड्यांना घाबरत होती. जिना उतरताना मी ठरवलं होतं की खाली पोचल्या पोचल्या सांगायचं. खाली पोचले, तर ताई हौदापाशी बसलेली. माझ्याकडे बघून म्हणाली, "मला वाटतं, मंगळवारच बरा गं." आणि देवाशपथ सांगते, माझ्या छातीवरचा दगड उतरला. मला आई दिसली. म्हटलं, होतंय ते भल्यासाठीच होतंय. पिशवी निघेल, ताई वाचेल. मी मूग गिळून बसले.

तरी ताईने मला संधी दिली होती. तिसऱ्या शनिवारी ती आपणहून टेबलापाशी आली. जवळचं तिला नीट दिसत नाही, म्हणून ढिगावर हात ठेवून विचारलं, "फटाकडे, तुला शुक्रवारच्या कपड्यांत काही वेगळं दिसतं का?"

माझा तळहात तेव्हा एका पिवळ्या दोऱ्यावर होता. मी म्हटलं, "कपड्यांसारखे कपडे. काय दिसायचंय?"

पाच आठवडे संपले. ताई वर गेली, मी सोबत. डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढला. "नक्की ना मावशी? मागच्या वेळी तर मला वाटलं, तुम्हाला ठेवायची आहे."

"वाटत होतं तसं," ताई म्हणाली. "पण मी बघितलं सगळं. शुक्रवारी रक्त फार जातं."

डॉक्टरीणबाईंना काही उमगलं नाही. "असं कोण म्हणालं? तसं काही नसतं हो," त्या म्हणाल्या आणि माझ्याकडे बघायला लागल्या, बहुतेक मीच हिला घाबरवलं असं समजून. एका वाक्याचं काम होतं. आया, सुट्टी, पिवळा दोरा. मी पायांकडे बघत बसले. ताईने सही केली. बाहेर भाऊजी म्हणाले, "चला, एकदाची कटकट मिटली," आणि ताई त्यांच्याकडे बघून हसली.

तो मंगळवार मी कधी विसरणार नाही. ताई वर ऑपरेशनच्या टेबलावर, आणि खाली तिच्या जागेवर मी. तिचं काम सुपरवायझरने मलाच दिलं होतं. दुपारी पत्रा वाजला. ज्या चादरींवर ती झोपली होती त्याच चादरी त्या बोचक्यात असणार होत्या. मला हात लावायचा धीर होईना. सुपरवायझर ओरडला तेव्हा उचललं. वजन कळायला मी काही ताई नाही, पण हलकं होतं. हौदात सोडलं. पाणी गुलाबी झालं. मी हौदाच्या काठाला धरून रडले. सगळं ठीक झालं म्हणून रडले, असं मी तेव्हा सगळ्यांना सांगितलं.

संध्याकाळी तिला भेटायला गेले. ओठ कोरडे पडलेले. मला जवळ बोलावून म्हणाली, "ती पिशवी कुठं नेतात गं?"

"तपासायला पाठवतात."

"आणि मग?"

मला ठाऊक होतं. आमच्या वाळवणीच्या खोलीच्या भिंतीपलीकडेच इस्पितळाची भट्टी आहे. तिथं काय काय जाळतात ते आम्हाला दोघींनाही ठाऊक होतं. मी म्हटलं, "ते नाही बाई मला माहीत." तिने डोळे मिटून घेतले.

आठवड्याने तपासणीचा कागद आला. डॉक्टरीणबाई खुशीत म्हणाल्या, "काही नाही मावशी, अगदी निरोगी होती पिशवी." भाऊजींनी हात जोडले. मला मात्र कुणीतरी तोंडात मारल्यासारखं झालं.

दोन-अडीच महिन्यांनी ताई कामावर आली. ऑपरेशन झकास झालं होतं. ताठ चालायची, बाथरूमच्या फेऱ्या थांबल्या, बादलीवर बसणं गेलं. फक्त वजन उचलायचं नाही, अशी ताकीद होती. म्हणून सुपरवायझरने कायमची अदलाबदल केली. मी बोचक्यांवर आणि ताई घड्यांच्या टेबलावर. तिला भाऊजींनी जवळचं दिसायचा चष्माही आणून दिला. आता तिला पिवळा दोरा दिसणार होता.

सुपरवायझरला विनवलं, तिला टॉवेलांवर बसवा. तो म्हणाला, तू तुझं काम बघ. थिएटरच्या हमालाला सांगितलं, दोन पोती कर. दोन आठवडे केली आणि मग ये रे माझ्या मागल्या. शेवटी मी शुक्रवारी हौदातून एकेक ओला कपडा काढून कोपरे चोळून, धुऊन उजेडात बघायला लागले. पिवळ्या दोऱ्याचे वेगळे करायचे, वेगळ्या यंत्रात घालायचे. हाताची कातडी सोलून निघाली. ताई टेबलावरून गंमत करायची. मी बोचकं उचललं की लांबूनच नुसतं बघून ओरडायची, "तेरा!" मी काट्यावर ठेवायची, तर तेरा. "पाहिलंस? पिशवी गेली, काटा जागेवर आहे," म्हणायची आणि हसायची. ती हसली की मी पुन्हा हौदात हात घालायची.

असे सहा आठवडे गेले. सातव्या शनिवारी माझं लक्ष कुठं होतं कोण जाणे. मी यंत्र भरत होते. टेबलाकडून घड्यांचा सपसप आवाज येत होता, तो थांबला. मी वळून बघितलं. ताईच्या हातात एक पांढरं फडकं होतं, टॉवेलाएवढं. बाळाला गुंडाळायचं. ही फडकी नेहमी वेगळ्या पिशवीत येतात. त्या शुक्रवारी एक चुकून पोत्यात गेलं होतं, आणि माझ्या हातून सुटलं होतं.

तिने ते चष्म्याजवळ धरलं. कोपऱ्यातला पिवळा दोरा अंगठ्याने चाचपला. मग ढिगातल्या हिरव्या कपड्यांचे कोपरे एकेक करून उलटायला लागली. मी तिच्यापाशी जाऊन उभी राहिले.

"शुक्रवारच्या थिएटरात बाळ कुठून आलं?" तिने विचारलं.

मी सांगितलं. आयाची सुट्टी, हमाल, एक पोतं, सगळं.

"तुला केव्हा कळलं?"

खोटं बोलता आलं असतं. मी म्हटलं, "दुसऱ्या शनिवारी."

ती हिशेब करत असावी. मी तिला कुठं कुठं गप्प राहून फसवलं, ते एकेक ठिकाण तिला दिसत असावं. मी भडाभडा बोलत सुटले. आईचं सांगितलं, दीड वर्षाचं सांगितलं, मला तुझी काळजी होती गं, तुला काही झालं असतं तर, असं काय काय. तिने मला बोलू दिलं. मग अगदी हळू म्हणाली, "तू माझ्या काट्याला बोट लावलंस."

"ताई, माझी आई..."

"माझ्या पोटात तुझी आई नव्हती. माझी लेक होती."

एवढं बोलून तिने ते फडकं दोन्ही हातांनी टेबलावर सपाट केलं, त्याची चौकोनी घडी घातली आणि प्रसूती विभागाच्या ढिगावर नीट ठेवलं. पुढचा कपडा उचलला.

याला आता वर्ष होईल. ताईने माझ्याशी बोलणं टाकलं नाही, टाकलं असतं तर बरं झालं असतं. चहा झाला का विचारते, माझ्या हाताला मलम लाव म्हणते. भाऊजींना तिने काही सांगितलेलं नाही. पण ती आता वजन सांगत नाही. पत्रा वाजतो, मी बोचकं उचलते, मांडीवर हिसका देते आणि सवयीने टेबलाकडे बघते. ती घड्या घालत असते. मग मी ते कोपऱ्यातल्या काट्यावर नेऊन ठेवते आणि आकडा मोठ्याने वाचते.